मास्साबांची कॉइल

“ज्याचं मूळ ठाऊक नाही, त्याला भ्यावं,” असं म्हणत मास्साब फळ्यावर वेटोळं काढायला घ्यायचे. बाहेरून आत. हात सावकाश फिरायचा, वेटोळं लहान लहान होत जायचं आणि अगदी मध्यावर आलं की खडू दाबून ते एक टिंब द्यायचे. मग वर्गाकडे वळून विचारायचे, “बोलो, क्या है?”

“कॉइल, मास्साब!” पोरं एका सुरात ओरडायची.

जबलपूरकडे मास्तरसाहेबांचं मास्साब होतं, तेव्हा आम्ही मराठी माणसंही त्यांना तेच म्हणायचो. लढाईचं सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात शिकाऊ पोरांसाठी शाळा होती. कोणता कारखाना, ते राहू द्या. आमच्या गावात त्यांची काही कमी नव्हती. पोरं हिंदी शाळांतून आलेली, आणि यंत्राच्या प्रत्येक भागाचं नाव इंग्रजी. ती नावं नीट समजावून सांगणं हे मास्साबांचं काम. मी त्याच शाळेच्या, वर्गाला लागून असलेल्या ऑफिसात टायपिस्ट होते. त्यांचे शब्दांचे कागद मीच टाइप करायची, म्हणून त्यांच्या वर्गात बसले नसले तरी अर्धीअधिक विद्या माझ्या बोटांतून गेलेली आहे.

मास्साब मूळचे भोसल्यांच्या चाकरीत आलेल्या घराण्यातले. हिशेब मराठीत करायचे, रागवायचे हिंदीत, आणि चौकशी करायचे इंग्रजी शब्दांची. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, की ज्याला साधं ‘चहा घेता का’ विचारलं तर तो चहा हा शब्द कुठून आला ते आधी सांगतो आणि तोवर चहा निवतो. आमचे मास्साब त्या जातीचे. टेबलावर खाकी कागदाचं कव्हर घातलेली जाडजूड डिक्शनरी. ती कोणी उचलली की ते म्हणायचे, “दोन्ही हातांनी जी, दोन्ही हातांनी. लेकरू आहे.”

कॉइल हा त्यांचा लाडका शब्द. दोराची कॉइल, तारेची कॉइल, मोटारीतली कॉइल, स्प्रिंगची कॉइल, वेटोळं घालून बसलेल्या सापाची कॉइल. पोरांकडून एकेक वदवून घ्यायचे. त्या वर्षी सरकारी बायका घरोघर फिरून कुटुंबनियोजनाच्या लूपचा प्रचार करत होत्या. एका चावट पोरानं तोंड दाबून विचारलं, “मास्साब, वो भी कॉइल हुआ न?” सगळा वर्ग फिसकला. मास्साब गंभीरपणे म्हणाले, “बिल्कुल हुआ. लिखो.” आणि दुपारी तो कागद माझ्यापुढे आला. वर आणि विचारतात, “बाई, टाइप कराल ना? शब्दाला लाज नसते, आपल्याला असते.” मी मान खाली घालून टाइप केलं. काय करते?

“याचं मूळ मोठं गोड आहे,” ते सांगायचे. “लॅटिनात गोळा करणं, वेचणं. तिथून फ्रेंचात आला, तिथून खलाशांच्या तोंडी. पसरलेला दोर वेचून एका जागी ठेवला की झाली कॉइल. आई तिन्हीसांजेला अंगणातली पोरं गोळा करते, तेच हे काम.”

मग कोणीतरी तोफेच्या रिकॉइलचं काढायचं. तोफ उडाली की मागे धक्का मारते, त्याला आमच्याकडे पोराटोरांपासून सगळे रिकॉइल म्हणत. मास्साब बोट उभं करायचे. “ते याचं भावंड नाही! नुसतं एका आडनावाचं. त्याचं मूळ फ्रेंचातल्या ढुंगणात आहे. ढुंगणावर मागे सरकणं म्हणजे रिकॉइल.” वर्ग पुन्हा फिसकायचा. एवढं हसवून झालं की ते डिक्शनरी उघडायचे.

कारण कॉइलचा आणखी एक अर्थ डिक्शनरीत होता. जुना, आता मेलेला. गडबड, कल्लोळ, जिवाची उलघाल. आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, मूळ अज्ञात. “वेटोळ्याचं मूळ सापडलं. पण ह्या कल्लोळाचं नाही सापडलं,” मास्साब हळू आवाजात म्हणायचे. “तोच शब्द, तीच अक्षरं, आणि तो आला कुठून हे कोणालाच ठाऊक नाही. असा पाहुणा घरात आला तर तुम्ही काय कराल?” मला वाटायचं, एका शब्दाचं एवढं काय मनावर घ्यायचं! पण त्यांचा आवाज ऐकून माझा हात टाइपरायटरवर थांबायचा.

आता त्यांच्या घरचं सांगते, म्हणजे तुम्हाला तो आवाज कळेल.

आम्ही दोघंही चेरीताल मोहल्ल्यातले. त्यांच्या घराला लागून आमचं घर. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची. काकूंची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. स्टोव्हला पंप मारणं नाही, लाकूड फोडणं नाही. म्हणून मास्साबांनी स्वयंपाकघरात जमिनीवर विजेचा हीटर मांडून दिला होता. पांढरी चिनीमातीची थाळी, तिच्या खोबणीतून फिरणारी उघडी कॉइल. काकू लाकडी पाटावर बसून सगळं त्याच्यावर करायच्या. “हा आहे म्हणून मी ह्या घरात बाई आहे गं,” त्या म्हणायच्या, “नाही तर पाहुणी झाली असती.”

हीटरचे त्या घरात कडक नियम होते. आधी बटण बंद, मग भांड्याला हात. पाटावरून उठायचं नाही. ओला हात पुसल्याशिवाय जवळ जायचं नाही. आमच्या गल्लीत कोणाचीही कॉइल तुटली की ती मास्साबांकडे यायची. ते दोन टोकं पिळून गाठ मारायचे आणि गाठ खोबणीत दाबून बसवायचे. पण एकदाच. “जोडलेली परत जोडणार नाही, भाभीजी. हर जोड में छोटी होती है, और छोटी कॉइल ज़्यादा जलती है.” गाठ वर उचलली गेली तर भांड्याला लागते आणि सगळं भांडंच जिवंत होतं, हे ते प्रत्येकीला सांगायचे. बायका हो हो म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी ओल्या हातानं चहा उतरवायच्या.

त्यांना एकच मुलगा. फौजेत होता. बासष्टच्या लढाईत तो वर बर्फात गेला आणि मग एक तार आली. मुलगा बेपत्ता आहे. एवढंच. तीन वर्षं झाली तरी त्यापुढे एक शब्द आला नाही. मास्साब दर महिन्याला सिविल लाइंसमधल्या फौजेच्या ऑफिसात जाऊन विचारून यायचे. शाळेत ते कोणाशी हे बोलत नसत. मी शेजारीण, म्हणून मला माहीत.

कोणी सांत्वन करायला आलं, की मास्साब म्हणायचे, “बेपत्ता म्हणजे पत्ता नाही. गेला असं कुठे लिहिलंय? दाखवा.” समोरचा माणूस काय दाखवणार! नातेवाइकांनी तिसऱ्या वर्षी हळूच सुचवून पाहिलं, पितृपक्षात काही करून टाका म्हणून. मास्साबांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

आणि पासष्टचा पितृपक्ष लढाईतच आला.

त्या महिन्यात आमचं गाव झोपलं नाही. कारखाने दिवसरात्र चालत होते. ताडपत्री बांधलेले ट्रक स्टेशनकडे जात. कारखान्यांच्या वस्तीकडे जाणाऱ्या खमरियाच्या बसमध्ये एरवी केवढा गलका असे, आता सगळे रेडिओवर काय सांगितलं तेच हळू आवाजात बोलत. भोंगा झाला की आम्ही टायपिस्ट पोरी टेबलाखाली बसून सराव करायचो, आणि खाली बसल्यावर हसू यायचं, आणि हसू आलं म्हणून भीती वाटायची. मास्साबांच्या वर्गातली पोरं शिक्षण पुरं व्हायच्या आधीच कामावर घेतली. वर्ग रिकामा होत गेला. मास्साब रिकाम्या बाकांपुढेही फळ्यावर वेटोळं काढून ठेवायचे, हे मी खिडकीतून पाहिलंय. पाहून बरं वाटलं नाही.

घासलेट मिळेना. विजेचा दाब कधी पडायचा, कधी एकदम चढायचा, आणि घराघरांतल्या कॉइली तुटायला लागल्या. बाजारात नवी कॉइल नाही. दुकानदार हात हलवायचा, “माल कहाँ है मास्साब, लड़ाई है.” पहिल्याच आठवड्यात काकूंच्या हीटरची कॉइल तुटली. मास्साबांनी जोडली. पुन्हा तुटली. त्यांनी पुन्हा जोडली. मी तिथेच होते. म्हटलं, “मास्साब, जोडलेली परत जोडायची नाही ना?”

“मग काय करू? हिला उपाशी ठेवू?” ते चिडून म्हणाले. मग गाठ खोबणीत दाबत, “नवी मिळेपर्यंत, बाई. मी लक्ष ठेवून राहिलो ना.”

आता ती कॉइल पेटली की पूर्वीसारखी केशरी दिसायची नाही. पांढरट दिसायची. गाठींपाशी बारीक चरचर आवाज व्हायचा. काकू म्हणायच्या, “बोलते गं ती.”

त्याच दिवसांत काकूंनी विषय काढला. संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. मास्साब रेडिओच्या बातम्या ऐकून बाहेर आले, तर काकू सरळ म्हणाल्या, “सर्वपित्रीला पोराचं करू.”

मास्साब उभेच राहिले. “काहून? काय कळलं तुला?”

“काही नाही कळलं.”

“मग? शास्त्रातच आहे, बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबायचं. तीन झालीत.”

“तुम्ही थांबा बारा वर्षं. मला सांगा फक्त,” काकूंचा आवाज अगदी शांत होता, “तो जिता असेल तर कोणी ना कोणी त्याला भाकर देत असेल. चिनी देईल, कोणीही देईल. पण नसेल तर? मग आपल्याशिवाय कोण देईल त्याला? तीन वर्षं झाली हो. तीन वर्षं तो उपाशी असेल तर?”

मास्साब आत गेले. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, “खीर कर. त्याला खीर आवडते.”

गुरुजी आले तेव्हा नवीनच भांडण. गुरुजी म्हणाले, शस्त्रानं गेलेल्याचं चतुर्दशीला करतात. मास्साब उसळले, “शस्त्रानं गेला हे तुम्ही पाहिलं?” बापानं लेकाचं करू नये म्हणतात, तेही गुरुजींनी सांगून पाहिलं. शेवटी सर्वपित्री ठरली. ज्याची तिथी ठाऊक नाही, त्याची ती तिथी. मास्साब मला म्हणाले, “मी हिच्यासाठी करून राहिलो, बाई. माझं मन मानत नाही. करू नये असं वाटून राहिलं.” असं ते दोनदा म्हणाले.

लढाई थांबल्याची बातमी सर्वपित्रीच्या आदल्याच दिवशी आली. गल्लीत पेढे वाटले. सगळ्यांच्या छातीवरचा दगड उतरला, माझ्याही. फक्त मास्साब हसले नाहीत. पेढा हातात धरून म्हणाले, “थांबली, हे बरं झालं. पण उद्याचा दिवस जाऊ द्या.”

सर्वपित्रीच्या सकाळी काकूंनी मला हाताखाली बोलावलं. पण काकूंचं सोवळं म्हणजे सोवळं. श्राद्धाचा स्वयंपाक ओलेत्यानं. त्या न्हाऊन ओलं लुगडं तसंच नेसून हीटरपुढे बसलेल्या. वाकड्या बोटांनी लुगडं पिळलं जात नव्हतं, पाणी पाटाखाली निथळत होतं. मास्साबही ओला पंचा नेसून तिथेच गुरुजींपुढे बसले होते. जर्मनची हलकी पातेली सोवळ्यात चालत नाहीत, म्हणून माळ्यावरून पितळेचं जड पातेलं काढलं होतं. हीटरचं बटण बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर. त्याला सगळ्या जगाचे हात लागलेले, म्हणून सोवळ्यातल्या माणसानं शिवायचं नाही. मी ओवळी. तेव्हा बटणापाशी, दाराशी मी.

“बाई, बंद,” असं मास्साब आतून सांगायचे. मी बटण बंद करायची. मग ते उठून स्वतः भांडं उतरवायचे, कारण जड पितळ काकूंना उचलत नव्हतं. पुन्हा “बाई, चालू.” भात झाला. अळूची भाजी झाली, कढी झाली. प्रत्येक वेळी “बाई, बंद” आणि मगच हात. एवढं ओलं, एवढं पितळ आणि खाली ती पांढरी पडलेली गाठीगाठींची कॉइल. मी म्हटलंसुद्धा, “काकू, कोरडं लुगडं नेसा ना हो.” त्या म्हणाल्या, “पोराचं आहे गं, पहिलंच आहे. नीट होऊ दे.”

शेवटी खीर राहिली. मास्साब गुरुजींपुढे बसून दर्भाची पवित्रकं बोटात घालत होते. पातेल्यात दूध चढत होतं. कॉइल मोठ्यानं चरचरायला लागली. आणि मला वास आला. खीर खाली लागत होती.

तो वास मास्साबांनाही आला. काकू ओरडल्या, “अहो, लागली! त्याची खीर लागली!”

मास्साब उठले. तीन वर्षं उपाशी असलेल्या पोराला करपलेली खीर कशी द्यायची, एवढंच त्यांच्या मनात असणार. “बाई...” एवढं त्यांनी म्हटलं. पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आधी त्यांचे दोन्ही हात पातेल्याला लागले होते. जड पातेल्याखाली गाठ खोबणीतून वर आली होती.

मी झटकन बटण बंद केलं. त्याच क्षणी काकूंनी आपल्या बुडाखालचा पाट उपसून त्यांच्या हातांवर मारला. ती वाकडी बोटं, ज्यांना वाटी धरवत नव्हती, त्यांनी पाट कसा उचलला ते देवाला ठाऊक. मास्साब मागे पडले. खीर सगळीकडे सांडली. गुरुजींनी मास्साबांची छाती चोळली, गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं, ते धावत आले. त्यांनी बराच वेळ नाडी धरून ठेवली आणि मग हात हळूच खाली ठेवला.

गुरुजींनी पिंडाचं तांदळाचं पीठ, तीळ, दर्भ परत पिशवीत भरले. घरात मृत्यू झाला, सुतक आलं. त्या दिवशी पोराचं काहीच होऊ शकत नव्हतं.

कारखान्याची पोरं आली, खांदा दिला. ग्वारीघाटावर नर्मदेला पाणी भरून वाहत होतं. त्यातल्या एकानं मला विचारलं, “दीदी, मास्साब तो सबको समझाते थे. उनसे कैसे हुआ?” त्याला काय सांगायचं? मला राग येत होता. लढाईचा, सोवळ्याचा, त्या दुकानदाराचा, आणि खरं सांगायचं तर मास्साबांचाही. एवढं सगळं समजणाऱ्या माणसानं एवढं साधं विसरावं! मग वाटायचं, विसरले नाहीत ते. पोराची खीर करपत होती, बस.

काकूंनी हीटर भंगारवाल्याला दिला. शेजारची भाभी रोज सकाळी शेगडी पेटवून आणून ठेवायची. काकू पाटावर बसून दोन भाकऱ्या थापायच्या, वेड्यावाकड्या. एकदा सांत्वनाला आलेल्या कोणीतरी म्हटलं, मुलाचं करायला घेतलं आणि असं झालं, आता पुढच्या वर्षी दोघांचं एकदम करा. काकू भाकरी थापत राहिल्या.

पुढच्या वर्षी पितृपक्षात मास्साबांच्या तिथीला मी गेले. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. काकूंनी मास्साबांचं पान वाढून मला मागच्या भिंतीवर ठेवायला सांगितलं. ठेवून आत आले, तर स्वयंपाकघरात आणखी एक ताट वाढलेलं. घरातलं रोजचं ताट. त्यात भाकर आणि कांदा घातलेली वांग्याची भाजी.

“काकू, श्राद्धाच्या दिवशी घरात कांदा?” मी घाबरून विचारलं. श्राद्धाला कांदा चालत नाही हे काकूंना कोण शिकवणार!

“ते त्याचं आहे,” त्या म्हणाल्या. “तो कांद्याशिवाय जेवतो का कधी?”

मी ताटाशी खाली बसले.

“ह्यांनी होऊ दिलं नाही ना गं त्याचं,” काकू म्हणाल्या. “स्वतः गेले, पण पोराचं होऊ दिलं नाही. मग मी कोण करणारी?”

त्यांनी त्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं, भाजी निवू नये म्हणून, आणि ते शेगडीजवळ सरकवलं. बाहेर भिंतीवर कावळा आला. मास्साबांच्या पानाला लगेच शिवला. मी म्हटलं, “काकू, आला बघा.” त्यांनी मान वळवली नाही. त्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.